घर सोडून जाणारी गोधडी

“सगळ्यांचा एकच कोपरा कसा?”

निमकर मॅडमनी हे विचारले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसते नवल होते. त्यांच्या कंपनीच्या गोदामातल्या लांब टेबलावर आमच्या गोधड्या एकीवर एक उलगडून ठेवल्या होत्या. छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून धुरकट उजेड खाली येत होता, आणि त्या उजेडात दिसत होते ते असे, की जवळजवळ प्रत्येक गोधडीचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. फक्त एक. बाकीचे तीन शाबूत होते. मध्यभागी, जिथे जुन्या पातळांचे मऊ थर होते, जिथे कोणत्याही उंदराने आनंदाने संसार थाटला असता, तिथे दाताची खूणसुद्धा नव्हती.

माझ्या शेजारी द्वारकाताई उभ्या होत्या. पिंपळदऱ्याच्या ज्या बायकांनी या गोधड्या शिवल्या होत्या, त्यांच्या त्या पुढारी. त्यांनी वरच्या गोधडीच्या कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यांच्या पलीकडे गयाआजी होत्या. गटातल्या सर्वांत वृद्ध. एकदा मुंबई पाहायची म्हणून हट्टाने आमच्याबरोबर आलेल्या. एस.टी.त रात्रभर त्यांनी डोळा मिटला नव्हता, आणि महामार्गालगतच्या या पत्र्याच्या गोदामापाशी आम्ही उतरलो तेव्हा पदर सावरत म्हणाल्या होत्या, “हीच का तुमची मुंबई? हिच्यापरीस आपल्या बाजारातल्या मोंढ्याचं आवार बरं की!”

“सर, तुम्ही तरी सांगा,” मॅडम माझ्याकडे वळल्या. “उंदीर मी पुष्कळ पाहिले. एवढे शिस्तीचे नाही पाहिले.”

मला काही सांगता येईना. तसे मला कधीच काही सांगता येत नसे. कोणी प्रश्न विचारला की उत्तर आधी माझ्या कानांत लाल होऊन साचे आणि ओठांपर्यंत पोचायच्या आत विरून जाई.

मी तेव्हा पंचविशीही ओलांडली नव्हती. बायकांच्या छोट्या उद्योगांना बाजार मिळवून देणाऱ्या एका संस्थेत माझी पहिली नोकरी होती आणि तिने मला बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, पिंपळदऱ्याला, पाठवले होते. त्या गावाला हिवाळा नाही. म्हणजे हिवाळा येतो, पण तो पाहायला माणसे उरत नाहीत. दिवाळी झाली की नवरा-बायकोच्या जोड्या ट्रॅक्टरमध्ये बसून ऊस तोडायला दूरच्या कारखान्यांकडे निघून जातात आणि उन्हे तापल्यावर परततात. या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. नवरा एकटा निघाला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोणताही मुकादम आपल्या टोळीत सहसा उभे करत नाही.

द्वारकाताईंना मी पहिल्यांदा भेटलो तो त्यांच्या दारातल्या बोरीखाली. तुम्हाला हा गट कशासाठी काढायचा आहे, असे मी संस्थेने पढवलेल्या भाषेत विचारले. स्वावलंबन, सक्षमीकरण अशा शब्दांची मी वाट पाहत होतो. त्यांनी वर फांदीकडे बोट दाखवले.

“ही बोर बघा. सासू म्हणायची, हिच्यासारखं गोड बोर पंचक्रोशीत न्हाई. मला काय ठाऊक? लगीन झाल्यापासनं एक बोर खाल्लं न्हाई हिचं. पिकतात तवा मी फडात असते. वापस येते तवा खाली नुसत्या बिया.” मग म्हणाल्या, “एक हिवाळा माझ्या दारात काढायचाय, सर. दुसरं काय न्हाई.”

त्यांचे यजमान भागवतराव उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होते. ते माझ्याकडे न बघताच बोलले, “दिवाळीपातुर थांबतो मी. तुमची आर्डर पक्की झाली तर मी बी हितंच कुठं कामाला लागीन. न्हाई झाली तर हिनं गुमान यायचं. अर्धा कोयता घिऊन मी काय दाढी करू?”

“करा की,” द्वारकाताई म्हणाल्या. “तेवढीच तोंडाला धार येईल.”

ते हसले. वाईट माणूस नव्हता तो. 

गावातल्या जुन्या सोसायटीचे रिकामे गोदाम बायकांना मिळाले. तिथे मी त्यांना प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण कसले! गोधडी शिवायला मी त्यांना काय शिकवणार होतो? परदेशात माल पाठवणाऱ्या निमकर मॅडमच्या कंपनीला काय चालते आणि काय चालत नाही, एवढेच समजावून सांगायचे होते. एवढ्या बायका एकदम माझ्याकडे पाहत असल्यामुळे मी खाली फरशीकडे पाहत बोलत होतो. मागून एक आवाज आला, “सर, आमाला शिकवायलात का फरशीला?” आणि सगळे गोदाम हसले. मीही हसलो. त्या हसण्याने मला नंतर कितीतरी दिवस ऊब दिली.

कापड धुतलेले असावे. जरीचा काठ नको. तुटलेली सुई, टाचणी, हूक आत राहता कामा नये. शेवटी मी सगळ्याचे सार एका वाक्यात सांगितले, “आत कापडाशिवाय काही नको.” शाळेतल्या मुलींसारखे त्यांनी ते माझ्यामागून एका सुरात म्हटले.

सूर विरल्यावर गयाआजींनी विचारले, “कायबी न्हाई?”

“काहीही नाही, आजी.”

“रिकामीच धाडायची म्हंता?”

थर कमी पडतील अशी त्यांना शंका आहे, असे मला वाटले. म्हणालो, “रिकामी कशी? कापड भरपूर असू द्या की.”

या वेळी कोणी हसले नाही. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. मग द्वारकाताई उभ्या राहिल्या. “सर सांगतेत तसंच होईल,” त्या म्हणाल्या. “जी ऐकणार न्हाई, तिची गोधडी मी माझ्या हातानं उसवीन. मग रडत बसू नका.”

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत शांत आणि बहुधा सर्वांत सुखाचे होते. मी गोदामाच्या दारात बसून राहत असे. आत सुया चालत. सुईला आवाज नसतो असे आपल्याला वाटते, पण अनेक सुया एकदम जाड थरांतून वर-खाली होऊ लागल्या की दूर कुठेतरी कोरड्या पानांवरून वारा चालल्यासारखी एक सळसळ ऐकू येते. कोणाच्या आईचे पातळ, कोणाच्या मेलेल्या सासऱ्याचे धोतर, बारशातली कुंची, सारे त्या थरांत निजत होते. आपापल्या गोधड्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीने वेगळा दोरा घेतला होता. द्वारकाताईंचा लाल.

माल घेऊन जायला टेम्पो आला त्या दिवशी सगळ्या बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. टेम्पो वळणाआड गेला तरी कोणी हलेना. गयाआजींनी डोळ्यांना पदर लावला. इतका मोठा माल गावातून प्रथमच गेला, त्याचे हे आनंदाश्रू, असे मी संस्थेला कळवले.

आणि आता आम्ही मॅडमच्या त्या गोदामात उभे होतो, गावी दसऱ्याची तयारी चाललेली असताना.

निमकर मॅडम टेबलाभोवती एक फेरी मारून आल्या. साठीच्या जवळ आलेली, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणारी ती बाई मनाने सरळ होती. हे मी आजही सांगेन. त्या म्हणाल्या, “हे पाहा, उंदीर आमच्या गोदामातले. माल बोटीवर चढायच्या आधी आमच्याकडेच पडून होता. तेव्हा चूक आमची, असंच मी वर लिहिते. तुम्ही हे कोपरे नव्यानं करून द्या. कापड आम्ही देऊ. दिवाळीच्या आत जमेल?”

“जमेल!” द्वारकाताई म्हणाल्या. शब्द इतक्या जोरात निघाला की त्या स्वतःच दचकल्या. “आठ दिवसांत देतो, मॅडम. दिवस-रात करून देतो.”

“पुढच्या वर्षभराचं कामही मग पक्कं समजा,” मॅडम म्हणाल्या.

द्वारकाताईंनी माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत काय होते ते मला पुरते सांगता येणार नाही. एवढेच सांगतो की मला ती बोर दिसली, पिकलेली.

आणि गयाआजी बोलल्या. मॅडम आपल्या गोदामाला नावे ठेवत आहेत, हे त्या भल्या बाईला पाहवले नाही.

“अवं बाई, तुमच्या गोदामाला कशापाई दोष लावून घ्यायलात? चांगलं लख्ख ठिवलंय की. आपणच उंदराला बोलावणं धाडल्यावर त्यो यील न्हाई तर काय करील बिचारा?”

“बोलावणं?” मॅडम हसल्या. “कसलं, आजी?”

“घास हाय न्हवं कोपऱ्यात!”

“आजी,” द्वारकाताई हळूच म्हणाल्या.

“आता काय आजी? सरांनी नगं म्हणलं व्हतं, ठाव हाय मला. पर म्या म्हणलं, समिंदराच्या पल्याड जायलीय, उपाशीपोटी कशी धाडू लेकराला? एवढासा तुकडा भाकरीचा. इतक्या जणींत एकीनं घातला तर कुणाच्या ध्येनात येतंय?” त्या टेबलाकडे वळल्या, आणि बोलता बोलता त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर गोंधळ पसरत गेला. “पर मेल्यांनी समद्यांचेच कोपरे कसं खाल्ले? माझ्या तर दोन-चारच असतील ह्यात…”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ढिगाच्या तळाशी काही गोधड्या होत्या, ज्यांच्यापर्यंत उंदीर पोचले नव्हते. त्यांतली एक त्यांनी ओढून काढली, कोपरे एकेक करून चिमटीत दाबून पाहिले, आणि कात्रीच्या टोकाने एक टाका तोडला.

ज्वारीचे दाणे टेबलावर घरंगळले.

दुसरीतून भाकरीचा वाळून कौलासारखा झालेला तुकडा निघाला. तिसरीत तांदूळ होते, हळदीने पिवळे केलेले. एकीत गुळाचा खडा आणि त्याला चिकटलेल्या मेलेल्या मुंग्या. मॅडम टाके तोडत गेल्या आणि टेबलावर एक विचित्र जेवण मांडले जात राहिले. कोणीही दुसरीला सांगितले नव्हते, हे त्या पदार्थांवरूनच कळत होते. प्रत्येकीने आपल्या घरात जे होते ते, इतरांची नजर चुकवून, आपण एकटीच हा नियम मोडत आहोत असे समजून, शेवटच्या टाक्याआधी आत सरकवले होते.

तळाशी एकच गोधडी उरली. तिचा दोरा लाल होता.

द्वारकाताईंनी तिच्यावर तळहात ठेवला. “ही ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या.

“उघडावी लागेल हो, ताई,” मॅडमचा आवाज फार मऊ झाला होता.

तेव्हा द्वारकाताईंनी त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि आपल्या हाताने तो कोपरा उसवला. आत अर्धा बत्तासा होता. पांढरा, कडेला झिजलेला. त्यांनी तो उचलून इतर घासांच्या शेजारी नीट ठेवला, जणू पंगतीत त्याची जागा होती.

“चूक आमची, असं मला आता लिहिता येणार नाही,” चष्मा पुन्हा डोक्यावर सरकवत मॅडम म्हणाल्या. “समजून घ्या. कापडात खाण्याची वस्तू सापडली, तर तिकडे कुणी कोपरा बघत नाही. सगळा माल जाळतात. हा गेला असता तर आमचं नावच…” त्यांनी वाक्य सोडून दिले. “माल परत न्या. माझ्या हातात एवढंच आहे.”

“कोपरे बदलले तर?” मी विचारले. तो माझाच आवाज होता याचे मला आश्चर्य वाटले.

“पुढच्या वेळी घालणार नाहीत, असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता, सर?”

मी द्वारकाताईंकडे पाहिले. त्या टेबलाकडे पाहत होत्या.

मॅडमनी आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडले नाही. गयाआजींनी तो बशीत ओतून फुंकर घालत प्यायला आणि चहात आले चांगले आहे म्हणून सांगितले.

परतीच्या गाडीला घाट लागला. मग गयाआजी खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “म्या बोलू ने ते बोलले का गं, द्वारके?”

“न्हाई, आजी. खरं तेच बोललाव.”

“मग त्या बाईनं माल का वापस दिला?”

“तिच्याकडं उंदीर लई झालेत. झोपा तुम्ही.”

आजी थोड्याच वेळात खरोखर झोपल्या. मान द्वारकाताईंच्या खांद्यावर टेकली. तेव्हा मी त्या घासाचे विचारले. रागाने नव्हे. मला समजून घ्यायचे होते.

“घरातल्या गोधडीला काय नसतं, सर,” खांदा न हलवता त्या बोलत होत्या. “ती घरात असते, घरातलं खाते. पर घर सोडून जाणारी गोधडी असते न्हवं, लेकीबरुबर सासरी न्हाई तर बाळंतिणीला, तिच्या शेवटच्या कोपऱ्यात घास ठिवायचा आन् मग टाका घालायचा. पांघरणारा उपाशी झोपू ने म्हणून.”

“पण मी सांगितलं होतं.”

“सांगितलं व्हतं की. आमी ऐकलं बी व्हतं.” बाहेर अंधार पडत होता आणि काचेत त्यांचा चेहरा डोंगरांवरून सरकत होता. “तुमी म्हणला तसं मी बी कोपरा बंद करायला घेतला. हात चालंना. कुठल्या मुलखात जायलीय, कोण पांघरणार, त्याला जेवायला कोण वाढतंय, काय म्हायती न्हाई. ओळखीच्या घरी जाणाऱ्या गोधडीला घालतो. बिनओळखीच्या घरी जाणारीला न्हाई घालायचा?”

आज इतक्या वर्षांनी ती नोकरी, तो जिल्हा आणि फरशीकडे पाहत बोलण्याची ती सवय, सारे मागे राहिले आहे; हा प्रश्न तेवढा माझ्याबरोबर आला.

गोधड्या पोत्यांत भरून परत आल्या. तालुक्याच्या बाजारात त्या विकून पाहिल्या. ज्याच्या घरी गोधडी आहे तो कुरतडलेली गोधडी कशाला घेईल? सोसायटीने गोदामाची किल्ली मागितली. संस्थेने माझी दुसऱ्या गावी, मसाल्याच्या गटाकडे, बदली केली. बायकांनी आपापल्या दोऱ्याच्या गोधड्या ओळखून घरी नेल्या. एकीनेही दुसरीला विचारले नाही, तू घास का घातलास.

दिवाळीनंतर मी निरोप घ्यायला गेलो. मुकादमाचा ट्रॅक्टर पाराजवळ उभा होता. पत्र्याच्या पेट्या, भांडी, टोपलीखाली कोंबड्या, झोपडीसाठी बांबू, सगळे चढत होते. गयाआजी म्हातारपणामुळे मागे राहणार होत्या. त्या प्रत्येकीच्या पोराच्या खिशात शेंगदाणे कोंबत फिरत होत्या. भागवतराव दोर आवळत होते. मला पाहून त्यांनी दोर सोडला, कपाळाचा घाम पुसला आणि ओशाळल्यासारखे म्हणाले, “सर, उन्हाळ्यात या. तवा असतो आमी.”

द्वारकाताई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मांडीवर गोधडी होती आणि हातात लाल दोऱ्याची सुई. फडावरच्या थंडीत पांघरायला लागणार म्हणून उसवलेल्या कोपऱ्याला नवा तुकडा लावत होत्या. वर बोरीला हिरवी, तुरट, पोराच्या नखाएवढी बोरे धरली होती. त्यांनी एकदाही वर पाहिले नाही.

मी उंबऱ्यापाशी गेलो. कोपऱ्याच्या तीन बाजू शिवून झाल्या होत्या. शेवटची बाजू चिमटीत धरून त्या थांबल्या, तशी माझ्या तोंडून निघून गेले, “ताई, हीसुद्धा घर सोडूनच चालली आहे ना?”

त्यांनी मान वर केली. क्षणभर त्यांना कळले नाही. मग कळले, आणि त्या हसल्या.

“आता शिकलो की आमी, सर,” त्या म्हणाल्या. “आत कापडाशिवाय काही नको.”

गोदामात सगळ्यांनी माझ्यामागून म्हटले होते, तोच तो सूर होता. त्यांनी शेवटचा टाका घातला आणि दोरा दातांनी तोडला.